बटणाचं दूध

"दूध एकात नाही होनार, सर." नारायणराव प्रयोगशाळेच्या दारातूनच गरजले. पालक समितीचे मेंबर, संत्र्याचा बगीचा, गोठ्यात म्हशी. "माह्या किशोरचं दूध तुम्ही कोनाकोनाच्या दुधात ओतून राहिले. तिकडचंबी असन त्याच्यात."

तिकडचं म्हणजे कुठलं, हे छिंदवाडा जिल्ह्यात, सौंसरच्या बाजूला कुणाला विचारावं लागत नसे. ऐंशीच्या दशकात मी तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. माझ्या दहावीच्या वर्गात 'तिकडची' एकच मुलगी होती, सुजाता. बौद्ध मोहल्ल्यातली. आईबाप दोघंही शेतमजूर, घरी एक बकरी.

"भाऊ, हे कुणी पिणार नाही. ह्याचं प्लॅस्टिक करायचं आहे," मी म्हणालो.

"प्लॅस्टिक करा का काहीबी करा. दूध त दूधच हाय ना जी!"

आता काय डोकं फोडायचं? प्राचार्यांनी मला बाजूला घेतलं. "अलग अलग बीकर देऊन टाका ना, सर. कायले झंझट?" झालं. प्रत्येकाचं दूध वेगळ्या बीकरमध्ये.

प्रयोग साधा होता. लहान कण हातात हात घालून लांब साखळी करतात, तिला पॉलिमर म्हणतात. दुधात अशी साखळी आयतीच असते, तिचं नाव केसीन. दूध गरम करून त्यात व्हिनेगर टाकलं की केसीनचा गोळा खाली बसतो. तो धुवायचा, दाबायचा, त्याची बटणं करायची, मऊ असतानाच सुईनं भोकं पाडायची. मग काही दिवस फॉर्मॅलिनमध्ये बुडवायची. बायोलॉजीवाले बेडूक ठेवतात, तेच फॉर्मॅलिन. डोळे असे झोंबतात की सगळ्या खिडक्या उघडाव्या लागतात. ते साखळ्यांना आडव्या गाठी मारतं आणि बटण कडक होतं.

फळ्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'साय काढलेलं दूध आणा.' चिकनाई राहिली की गोळा नीट बांधून येत नाही. पण शाळेत पातळ दूध पाठवायला कोणती आई तयार होणार? घराण्याच्या इज्जतीचा प्रश्न! सगळ्यांनी म्हशीचं घट्ट, पिवळ्या सायीचं दूध आणलं. साय काढून दूध आणलं ते एकट्या सुजातानं.

ज्याची बटणं टेस्टमध्ये टिकतील, तो छिंदवाड्याच्या विज्ञान मेळ्यात जाणार, असं मी सांगून ठेवलं होतं. सुजाता त्यासाठी जीव टाकत होती. "बाबा म्हनते, जिल्ह्याले गेली त सायन्स घे. नाही त आर्ट. आर्टवाल्या पोरी दुपारी वावरात येते, सायन्सवाल्या प्रॅक्टिकलले बसते."

टेस्ट सगळ्यांसमोर घेतली. नखानं ओरखडा. फरशीवर टाकणं. उकळत्या पाण्यात बुडवणं. किशोरच्या बटणाचा पाण्यात भुगा झाला, वर तेलाचे थेंब तरंगले. बाकीच्यांची तीच गत. सुजाताची बटणं मात्र ठणठणीत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "किशोर जाईल."

"बटणं सुजाताची आहेत."

"बटणं शाळेची आहेत, सर. लॅबचं छप्पर कोण करून देऊन राहिलं, माहीत आहे ना?"

मी भांडलो, लेखी दिलं, उत्तरच आलं नाही. किशोर बटणं घेऊन छोट्या रेल्वेनं छिंदवाड्याला गेला आणि बक्षीस घेऊन आला. सुजातानं अकरावीला आर्ट घेतलं. दुपारी ती आईसोबत कापूस वेचायला जाऊ लागली. एवढी हुशार पोर! आजही आठवलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

पुढं बाजाराच्या दिवशी नारायणरावांनी मला हाक मारली. अंगात कोरी बंडी. छातीवर सुजाताची बटणं. "पाहा सर, माह्या पोरानं बनवले! बक्षिसाचे हायेत."

माझ्या तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात मागून कुणीतरी बाही ओढली. सुजाता. तिनं मला भाजीच्या ढिगांपलीकडे नेलं.

"सर, सांगू नका."

"का नाही सांगायचं? चांगलं चारचौघांत सांगतो."

"सांगसान त तोडून फेकन तो. घालू द्या. आमच्या बकरीचं दूध छातीले लावून फिरून राहिला ना." ती हसली. मग हळूच म्हणाली, "मले तेवढंच त भेटलं, सर."

मी नारायणरावांकडे परत न जाता घरची वाट धरली.

नंतरही मी तो प्रयोग दरवर्षी घेतला, दरवर्षी वेगळ्या बीकरमध्ये. त्यातून शिकलो ते एवढंच, की लोकांना वस्तू चालते, फक्त ती कुणाची हे कळायला नको. बाकी केसीनची बटणं फार टिकाऊ. ती बंडी विरली, तेव्हा नारायणरावांनी बटणं काढून नव्या बंडीला लावून घेतली.