न्हाणीच्या पाण्याचा तह

टाळेबंदी लागली आणि मुख्याध्यापक मंडळींना एकदमच मानसशास्त्र समजू लागलं. त्यातले एक आमच्याच घरातले, माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. परभणीत बसून ते रोज एक वेबिनार ऐकत, शेवटी दहा प्रश्न सोडवत आणि मिळालेलं प्रमाणपत्र घरच्या ग्रुपवर टाकत. ‘घरी राहून मन कसं सांभाळावं’ याचं प्रमाणपत्र मिळालं, त्या दिवशी त्यांना सांभाळायला एक मन हवं होतं. पूर्णेच्या घरी आमचे वडील आयतेच सापडले.

वडिलांच्या मनाला तोवर काही झालेलं नव्हतं. तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचा दिवस शेजाऱ्याशी भांडूनच सुरू होई. शेजारी रेल्वेतले निवृत्त गार्ड. दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत, आणि तिच्याखालच्या भोकातून आमच्या न्हाणीचं पाणी त्यांच्या अंगणात जायचं. आंघोळी आटोपल्या की गार्डसाहेब भिंतीशी येत. वडीलही दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून हजर होत. गार्डसाहेब नगरपालिकेत दरख्वास्त द्यायची धमकी देत, वडील त्यांना पाण्याचा उतार कोणाच्या बापाचा नसतो हे सरकारी भाषेत समजावत. दरख्वास्त कधी गेली नाही. पाणी साचायचं तिथं गार्डसाहेबांची पपई होती आणि ती बारा महिने लगडलेली असे. हा मुद्दा वडील रोज मांडत आणि गार्डसाहेब रोज फेटाळत.

गाड्या थांबल्या, बाजार बंद झाला, चौकात पोलीस उभे राहिले. वडील मात्र मजेत होते. मास्कमुळे नीट ऐकू येत नसे, म्हणून दोघं एकेक आरोप दोनदा करत, एवढाच काय तो फरक.

व्हिडिओ कॉलवर हे भांडण दाजींच्या कानावर गेलं. वाद हे मनाला लागलेलं विष आहे, असं ते म्हणाले. इतकं सावकाश, की वाक्याखाली त्यांची सही आणि शाळेचा शिक्का मला स्पष्ट दिसला. रविवारी त्यांनी समेट घडवून आणला. फोन धरून मी भिंतीशी उभा. दाजींनी दोघांना डोळे मिटायला लावून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं, मग एकमेकांबद्दल एकेक चांगली गोष्ट बोलायला. बराच विचार करून वडील म्हणाले की गार्डसाहेबांचं घड्याळ बरोबर चालतं. गार्डसाहेबांनी वडिलांच्या अक्षराची तारीफ केली. दोघांच्या चेहऱ्यावर दात काढून घेतल्याची कळा होती, पण जावयाला नाही कसं म्हणायचं? आणि एका घरचा जावई हा आमच्याकडे सगळ्या गल्लीचा जावई असतो. बोअरचा उरलेला पाइप लावून मी पाणी रस्त्याच्या नालीत सोडलं, भोकात दगड बसवला. दाजींनी ग्रुपवर फोटो टाकला.

दुसऱ्या दिवशी सवयीनं दोघंही भिंतीशी आले. नमस्कार झाला, बरं चाललंय ना, असं विचारून झालं, आणि पुढं बोलायला काही उरलं नाही.

मग वडिलांनी भिंतीशी जाणं सोडलं, पाठोपाठ दाढी. ताटात अर्धी भाकरी उरू लागली. उन्हं वर आली तरी ते खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडलेले. आई उठवायला गेली तर म्हणाले, “कशाला उठू?” दाजींच्या दहा प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. त्यांनी चित्रं रंगवायचा उपाय सुचवला.

आईला मात्र धास्ती बसली. तिचा थोरला भाऊ असाच भिंतीकडं वळला होता, तो पुन्हा या कुशीवर आलाच नाही. शेजारच्या काकूंना, म्हणजे गार्डसाहेबांच्या मंडळींना, तिनं हळूच विचारलं, तुमच्याकडं कसं चाललंय. काकू म्हणाल्या, “आमचेबी तसेच हायेत. नुसते पडून. पपईबी वाळायलीय.”

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आईनं आंघोळ केली, पाइप उपटला, भोकातला दगड काढला आणि वरून दोन बादल्या पाणी ओतलं. मग भाकरी थापायला बसली.

थोड्या वेळानं पलीकडून आवाज आला. “अव्वल कारकून, हायेत का घरात? तह करून पानी सोडायलात का आमच्यावर?”

आतली खाट करकरली. वडील उठून बसले होते. गालावर हात फिरवून त्यांनी मला सांगितलं, “थांबा म्हणावं त्याला. दाढी करून येतो.”

त्या दिवशीचं भांडण जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं. पुढच्या कॉलवर वडिलांचा चेहरा पाहून दाजी म्हणाले, रंगकामाचा गुण आला. कोणी खोडून काढलं नाही. पाइप माळ्यावर ठेवलाय. दाजी यायचे असले की लावून घेतो.

काही दिवसांनी काकूंनी भिंतीवरून पपई दिली. आईनं फोडी करून वडिलांपुढं ठेवल्या. त्यांनी एक खाल्ली, तोंड वाकडं केलं.

“गोड न्हाई,” म्हणाले, “उद्या सांगतो त्याला.” आणि दुसरी फोड उचलली.