खालच्या ओळीतला माणूस

अण्णा गेल्याचा फोन नीलानं केला. मी कोल्हापुरात, बिंदू चौकाजवळ, मेथीची जुडी हातात धरून उभी होते. "ताई, अण्णा लिंगैक्य झाले," एवढं बोलून ती थांबली, आणि मग फोनवर नुसता माझ्याकडचा बाजाराचा गलका राहिला... मिळेल त्या एसटीनं गडहिंग्लजला निघाले. पुढच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कसल्याशा औषधाची जाहिरात चिकटवली होती. औषध कशावरचं, हे वाचायच्या आधी माझी नजर कागदाच्या तळाशी गेली. तिथं छापणाऱ्याचं नाव नव्हतं. छापील कागद खालून वर वाचायची ही सवय मला अण्णांनी लावली. त्या दिवशी गाडीत त्या सवयीनंच मला रडवलं.

गुरुलिंगाप्पा कडगावे हे त्यांचं पूर्ण नाव. गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागं एका खोलीत त्यांचा छापखाना होता. पायानं चालणारं एक ट्रेडल छपाईयंत्र, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, सहा पेट्या आणि दाराशी एक बाक. लग्नपत्रिका, जत्रेची पत्रकं, दूध संस्थेचे अहवाल, एवढंच तिथलं काम. त्यांच्यावर कुठं लेख आला नाही, कुणी शाल-नारळ दिला नाही. पुतळे कुणाचे उभारायचे हे ठरवणाऱ्यांना असली माणसं दिसत नाहीत, म्हणून मी हे लिहिते आहे.

मी पत्रकांवर वाढले. वडील चळवळीतले. घरात गोष्टीची पुस्तकं नव्हती, पण पत्रकांचे गठ्ठे होते. अक्षरओळख मी त्यांच्यावर केली, आणि पाढे त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिले. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी वाचता आला असं आई सांगते. विसाव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहायला लागले, आणि गडहिंग्लज भागातल्या कामासाठी ती अण्णांकडं छापायला नेऊ लागले. पहिलं पत्रक त्यांनी शांतपणे वाचलं. शब्दाशब्दाला जाळ होता त्यात. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खाली 'समस्त विवेकी नागरिक' लिवलंयस. ह्यातलं तू कोण?" मी म्हटलं, अण्णा, तशी पद्धतच असते. त्यांनी कप्प्यातून दोऱ्यानं बांधलेली खिळ्यांची एक ओळ काढली आणि पत्रकाच्या तळाशी बसवली. 'मुद्रक : गुरुलिंगाप्पा कडगावे, गडहिंग्लज.' ती ओळ ते कधी सोडत नसत. बाकीचे खिळे छपाई झाली की परत पेटीत जायचे, ही एक ओळ मात्र वर्षानुवर्षं तशीच बांधलेली असायची.

पत्रकावर मुद्रकाचं नाव असावं असा कायदाच आहे. पण वादाचा कागद आला की भले भले छापखानेवाले तो कायदा विसरायचे. अण्णा तेवढे विसरत नसत. एकदा मी कारण विचारलं. ते लिंगायत, कडक नेमाचे. रोज सकाळी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय ट्रेडलवर पाय ठेवायचे नाहीत. ते म्हणाले, "तंगी, सकाळी देवाला तळहातावर घेऊन त्याच्याकडं डोळं उघडं ठिवून बघतो. तासाभरानं माणसांपुढं नाव झाकायचं, हे मला जमत न्हाय." तंगी म्हणजे धाकटी बहीण. सीमेकडच्या घरात असे कानडी शब्द मराठीत सहज मिसळलेले असतात. मी त्या काळात देवावर बोलायची संधी सोडत नसे. त्या दिवशी मात्र ती सोडली.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नीलाचा प्रश्न पुढं आला. नीला तेव्हा सातवीत होती. आजारपणात महिनाभर केस विंचरले गेले नाहीत आणि डोक्यात जट धरली. चुलत्यानं आणि गावातल्या चार शहाण्यांनी ठरवलं, की देवीची आज्ञा झाली, येत्या पौर्णिमेला पोरीला देवीला सोडायचं. देवीला सोडलेल्या पोरींचं पुढं काय होतं हे त्या गावात सगळ्यांना माहीत होतं, फक्त कुणी तोंडानं बोलत नव्हतं. नीलाची आई शेवंता विधवा. मिरचीच्या वखारीत देठं खुडायला जायची. तिच्या मनात नव्हतं, पण विरोध करायची छातीही होत नव्हती. आमच्या अंधश्रद्धाविरोधी समितीनं ठरवलं, की पौर्णिमेच्या आधीच्या गुरुवारी चौकात, सगळ्यांसमोर जट काढायची. मात्र आईनं स्वतः पोरीला आणलं पाहिजे. बाजाराच्या दिवशी पत्रक वाटायचं काम माझ्याकडं आलं.

बाजारादिवशी सकाळी अण्णांनी मजकूर जुळवून, खाली आपली ओळ बसवून फर्मा, म्हणजे खिळ्यांची चौकट, आवळला. प्रूफ तपासलं आणि ते पूजेला आत गेले. उशीर नको म्हणून ट्रेडल मीच मारणार होते. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पार्वतीअक्का बाहेर आल्या. त्या देवीचे मंगळवार धरायच्या. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "पोरी, छाप की. पर ह्यांचं नाव नगं. ज्याचं नाव लिवलं त्याच्यावरच कोप येतोय." मला कोपाची भीती नव्हती. मला दिसत होती ती माणसं, जत्रेची पत्रकं छापून घेणारी, लग्नपत्रिका देणारी. ती उद्या या खोलीची पायरी चढणार नाहीत. मी फर्मा सैल केला, ती बांधलेली ओळ उचलून बाजूला ठेवली आणि तिच्या जागी कोऱ्या पट्ट्या भरल्या. आपण फार मोठी माया करतो आहोत असं मला वाटत होतं. तीनशे पत्रकं छापून मी बाजाराकडं पळाले.

पत्रकं वाटत मिरचीच्या ढिगांपाशी आले, तिथं शेवंता भेटली, सोबत डोक्याला फडकं गुंडाळलेली नीला. मी पत्रक दिलं. नीलानं ते आईला वाचून दाखवलं, एकेक शब्द सुटा करून, शाळेत वाचतात तसं. शेवंतानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् खाली? खाली कुणाचं नाव हाय?" नीला म्हणाली, "समस्त विवेकी नागरिक." शेवंतानं कागदाची घडी केली आणि माझ्या हातात परत दिली.

"बाई, ज्यांनी लिवलं त्यांनाच देवीचं भ्या वाटतंय. नाव घालायची छाती न्हाय त्यांची. मग माझ्या पोरीनं डोस्कं कशाला पुढं करायचं?"

मिरचीच्या खाटानं सगळे खोकत होते, म्हणून माझे डोळे कशानं भरले हे कुणाला कळलं नसेल. त्या क्षणी मी म्हणू शकले असते, की बाई, हे मी लिहिलंय, माझं नाव अमुक. जाळ ओकणारी वाक्यं लिहिणारी मी... माझ्या तोंडातून नाव निघालं नाही. मी तिथं उभी होते, आणि शेवंता पाठ फिरवून निघाली होती.

तेवढ्यात अण्णा आले. कपाळावर ओली विभूती, एका हातात पावत्यांवर मारायचा नाव-पत्त्याचा रबरी शिक्का, दुसऱ्या हातात शाईची डबी. ट्रेडलशेजारी पडलेली ती ओळ त्यांना पूजेनंतर दिसली होती. माझ्या हातातली शेवंतानं परत केलेली घडी त्यांनी घेतली, उलगडली, मिरचीच्या पोत्यावर ठेवून तिच्या तळाशी शिक्का मारला आणि हाक मारून कागद तिच्यापुढं धरला. "ह्यो मी. पेठंच्या मागं छापखाना हाय. कोप यायचा आसंल तर देवीला पत्ता बी गावंल. माझं देवीशी भांडण न्हाय बाई, पर लेकराचा घास ती मागंल आसं मला वाटत न्हाय."

कुणीतरी मागून टोमणा मारला, "अण्णा, आता लग्नाच्या पत्रिकाबी देवीकडनंच घ्या छापायला." लोक हसले. अण्णाही हसले, आणि त्या माणसाच्या हातातलं पत्रक मागून घेऊन त्याच्यावरही शिक्का मारला. मग सबंध बाजारभर ते फिरले. भाजीवाल्यांकडून, बैलवाल्यांकडून, चहाच्या टपरीवरून, वाटलेला एकेक कागद परत मागायचा, शिक्का मारायचा, नमस्कार करून परत द्यायचा. त्यातला एक कागद त्यांनी माझ्यापुढं धरला आणि खिशातलं पेन काढून दिलं. "तंगी, तुझं?" मी 'समस्त विवेकी नागरिक' खोडलं आणि माझं नाव लिहिलं. त्यानंतर मी निनावी पत्रक लिहिलेलं नाही. पुढं नावानिशी धमक्या आल्या, नावानिशी शिव्या आल्या. त्या मी नावानिशी घेतल्या.

गुरुवारी चौकात शेवंता आली. पोरीचा हात तिनं असा घट्ट धरला होता की नीलाची बोटं पांढरी पडली होती. कमरेला तिनं तो शिक्क्याचा कागद खोचला होता. चुलता ओरडत आला, तेव्हा तिनं तो काढून त्याच्यापुढं नाचवला आणि म्हणाली, जा की, ह्या पत्त्यावर जाऊन भांड. जट काढली, डोकं धुतलं. नीला आपल्याच डोक्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली... पौर्णिमा आली आणि गेली. नीला त्या दिवशी शाळेत होती.

मला भीती होती तसंच झालं. जत्रेची पत्रकं दुसरीकडं गेली, मग लग्नपत्रिका गेल्या. वर्षभरानं ट्रेडलमध्ये कागद लावताना अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंगरली. गावानं लगेच सांगितलं, हा कोपच. पार्वतीअक्का दवाखान्यात उशाशी बसून रडत होत्या. अण्णा त्यांना समजावत होते, "आगं, बोटं ट्रेडलनं खाल्ली. देवी काय ट्रेडल मारती व्हय? मीच हात मागं घ्यायला चुकलो." पुढं ते डाव्या हातानं खिळे जुळवायला शिकले. पूजेला इष्टलिंग ज्या तळहातावर घ्यायचे, तोच हात. गती निम्मी झाली, पण एकाही कागदाखालची ओळ सुटली नाही. आपण काही मोठं केलं असं त्यांना कधी वाटलं नाही. नीला पुढं शिक्षिका झाली. पहिल्या दिवशी शाळेत जाताना ती आधी छापखान्यात आली, तेव्हा अण्णांनी तिला एवढंच सांगितलं, की पोरांना आपलं नाव ठळक लिवायला शिकीव.

मी पोचले तेव्हा त्यांना बसवून सजवलं होतं, तळहातावर इष्टलिंग. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे समाधी दिली. नीला शेवटपर्यंत पार्वतीअक्कांचा हात धरून उभी होती. दोन दिवसांनी पुतण्यानं शिवगणाराधनेची, म्हणजे अण्णांच्या उत्तरकार्याची, निमंत्रणं आणली, शहरातून ऑफसेटवर छापलेली, गुळगुळीत. छापखाना बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आम्ही त्याच खोलीत बसलो होतो. ट्रेडलवर जुनी चादर टाकलेली होती. अक्कांनी नीलाला पत्र वाचायला सांगितलं. ती वाचत गेली, अक्का ऐकत गेल्या. वाचून झाल्यावर अक्कांनी विचारलं, "आन् खाली?"

नीलानं माझ्याकडं पाहिलं. "खाली 'समस्त कडगावे परिवार' हाय, अक्का."

"समस्त म्हंजे कोण?"

पुतण्या समजावू लागला, की काकी, तशी रीत असते, आणि अशा पत्रावर बाईमाणसाचं नाव कोण घालतं. अक्कांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. अण्णांचं पेन मागून घेतलं. त्यांना फक्त सही येत होती. ती अण्णांनीच कधीतरी खिळे मांडून शिकवली होती. गठ्ठा मांडीवर घेऊन त्या एकेका पत्राच्या तळाशी लिहू लागल्या, पार्वती, पार्वती, पार्वती... नीला लिहून झालेली पत्रं खोलीभर वाळायला मांडत होती. ट्रेडलवरची जागाही पुरेना, तेव्हा आम्ही खिळ्यांच्या पेट्यांवर पत्रं ठेवली.

ती दोऱ्यानं बांधलेली ओळ अक्कांनी मला दिली. ती माझ्या टेबलावर आहे, आणि तिच्याखाली अक्कांच्या सहीचं एक निमंत्रण. त्यावरच्या 'र्व'चा रफार थोडा फिसकटला आहे. रोज लिहायला बसण्याआधी मी ते पत्र वाचते, खालून वर.