बिनऔषधाचे पिंजरे

नव्वदच्या सुमारास मी कोलशेतला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो. तिथले उंदीर सांभाळणारे गृहस्थ खाडीकाठच्या गावातले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पिंजऱ्याला कान लावून ते उंदरांचा श्वास ऐकायचे आणि कोण आजारी पडणार ते आधीच सांगायचे.

ई जीवनसत्त्वाने फुप्फुसं वाचतात का, हे मला तपासायचं होतं. निम्म्या उंदरांना ते आठवडाभर खाण्यातून द्यायचं, मग सगळ्यांना फुप्फुसं जाळणारा वायू.

“बाकीच्यांना का नाय, साहेब?”

“मग तुलना कशाशी करू, मामा?”

ते मान हलवायचे, पण पटलेलं दिसायचं नाही.

आधी नुसता वायू देऊन पाहिला होता, तेव्हा निम्मे उंदीर मेलेले. या वेळी एकही मेला नाही. मी चक्रावून मामांना विचारलं.

“मीच दिलं सगल्यांना,” ते शांतपणे म्हणाले. “दम त्यांनापन लागतो ना.”

मी भडकलो. तावातावाने तक्रार लिहिली आणि वाचून फाडून टाकली. ते औषध लागू पडतं याचा एवढा मोठा पुरावा मला पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो अहवालात घालता येणार नव्हता.