मंडईतला शहीद

फौजेतून निवृत्त झालेले हवालदार तिलकचंद बिसेन युद्धावरची पुस्तकं वाचत नाहीत. "लिवणारा वाचला, मंजे मांगं होता," म्हणतात. सिनेमाचं तर नावच काढू नका.

तरी गोरेगावकडच्या एका गावात दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटक होतं, तेव्हा उद्घाटनाला आलेल्या नेत्यानं त्यांना हार घालून शेजारी बसवलं. नाटकातला जवान गाणं म्हणत शहीद झाला. नेता ओरडला, "वन्स मोअर!" जवान उठला, पुन्हा गायला, पुन्हा मेला. टाळ्याच टाळ्या! मग नेत्यानं माईकवरून युद्धच मागितलं आणि माईक हवालदारांपुढे धरला. "सांगा, कसं वाटलं?"

"बेस," हवालदार म्हणाले. "माह्या बाजूचा सुखराम गोळी लागून पडला, तवा मी बी लय आवाज देला. तो उठलाच नाही."