एका चांदणीची पट्टी

जर्मनीत, आमच्या एर्लांगेनच्या घरात, हॉलमध्ये आजोबांचा फोटो आहे. त्याच फ्रेममध्ये फोटोशेजारी जुन्या जपानी लष्करी कॉलरचा एक तुकडा होता. लाल पट्टी, तिच्यावर एक पिवळी चांदणी. "आजोबांनी ब्रह्मदेशात एका जपानी अफसराच्या गळ्यातून ओढून काढली," असं मी येईल त्याला सांगायचो. पट्टी मी इथल्याच फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, घेतली होती. आजोबा ब्रह्मदेशात होते हे खरं. पण ते पलटणीची खेचरं हाकायचे.

का सांगायचो? आपल्या लोकांना ओळख झाल्याबरोबर पहिला प्रश्न सुचतो, कुठल्या पोस्टवर? दिवाळीच्या फराळाला इथली मराठी मंडळी जमली की कुणाचे आजोबा मामलेदार, कुणाचे कर्नल. एका वर्षी मलाही विचारलं आणि चकली मोडता मोडता मी म्हणालो, "सुभेदार." तोंडातून गेलं ते गेलं. मग सुभेदाराला शोभेल असं काहीतरी भिंतीवर नको का? बायको म्हणाली, "अरे, कशाला या नसत्या उचापती?" मी ऐकतोय कसला! वर हौसेने जपानी हुद्द्यांचा अभ्यास केला. एक चांदणी म्हणजे सगळ्यात खालचा शिपाई, दोन म्हणजे त्याच्या वरचा, तीन त्याच्याही वरचा. सोनेरी फीत लागते ती त्यानंतर. म्हणजे ही पट्टी अफसराची नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पाहुण्यांना कुठे कळणार होतं?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी माझ्या ऑफिसातली एक जपानी बाई जेवायला आली. आदल्या दिवशी फ्रेम उतरवून ठेवावी, एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. मी पुऱ्या तळत होतो. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने तिला हाताला धरून फ्रेमसमोर नेलं आणि जर्मनमध्ये सगळी कथा साग्रसंगीत ऐकवली. पणजोबा, अफसर, गळा, सगळं. मी झारा हातात घेऊन तसाच बाहेर आलो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. लेकीला म्हणाली, "हा अफसर नव्हता. एक चांदणी म्हणजे नुकताच भरती झालेला. माझ्या आजोबांच्या फोटोत अशीच आहे. तेही ब्रह्मदेशातच गेले. त्यांचं काहीच घरी परत आलं नाही." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कॉलरच्या आतून कधी कधी नाव लिहिलेलं असतं. उलटून बघायचं का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. लेक माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "गोंदाने चिकटवलंय, फाटेल." धडधडीत खोटं! नुसत्या चार टाचण्या होत्या. ती "मग नको, नको," म्हणाली आणि फ्रेमसमोर कमरेत वाकली. आधी त्या चांदणीला, मग माझ्या आजोबांना. तिचं बघून लेकीनेही हात जोडले. लाजेने माझी मान वर होईना. तिकडे पुऱ्या करपल्या.

मायलेकी तिला बसपर्यंत सोडायला गेल्या तेव्हा मी टाचण्या काढल्या. मागे काही नसेल, मग निदान तेवढ्यापुरता तरी मी सुटेन, असं वाटलं होतं. मळक्या कापडावर फिक्या शाईत चार अक्षरं होती. जपानी. मला हुद्दे वाचता येतात, नाव वाचता येत नाही.

ते वाचू शकेल असं माझ्या ओळखीचं इथे एकच माणूस आहे. रोज दुपारी कॅन्टीनमध्ये आम्ही एकाच टेबलावर जेवतो. तुकडा पाकिटात घालून मी बॅगेतून नेतो आणि तसाच परत आणतो. काल तिने आपणहून विषय काढला.

"तुमच्या आजोबांनी कधी सांगितलं होतं का," तिने विचारलं, "मरताना तो शिपाई काही बोलला का?"

मी म्हणालो, "नाही. ते त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत." आणि खाली ताटात बघत जेवत राहिलो.