काळ्या तांब्याच्या आठ पट्ट्या

घरी पाहुणे येणार असतील, तर तांब्याचा हंडा काळाकुट्ट ठेवाल का तुम्ही? खरं सांगा. आणि मग जळोचीच्या मुजफ्फरला हसा.

मुजफ्फर कल्हईवाला. बाप, बादशाह त्याचं नाव, खांद्यावर भाता टाकून कळस, कळंब, सगळी गावं हिंडायचा. स्टील आलं आणि भाता थंड पडला. पन्नाशी उलटल्यावर मुजफ्फरला काम मिळालं ते एका डिस्टिलरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मळी आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड तिथं टाकीतल्या पाण्यात सोडायचे, तांब्याच्या पट्ट्यांतून वीज खेळवायचे आणि त्या वायूचं इंधन करायचे. प्रयोग लहानच, पण तांबं होतं!

"आपल्या हाताला वळखणारी एक जागा ऱ्हायली गं," तो बायकोला, रुक्सारला म्हणाला.

काम मात्र झाडू मारायचं आणि टाक्या धुवायचं.

मंगळवारी प्रयोग बघायला मोठे साहेब यायचे होते. सोमवारी टाक्या धुताना बाहेर काढलेल्या आठ पट्ट्या त्यानं पाहिल्या. काळ्या, खरबरीत. कल्हईवाल्याच्या पोराला लाज वाटली. चिंच, मीठ आणि नारळाची शेंडी घेऊन बसला. सांजेपर्यंत पट्टीत तोंड दिसायला लागलं.

मंगळवारी साहेबांसमोर वीज सोडली. शेड सांभाळणाऱ्या वैष्णवी मॅडम संगणकाच्या पडद्याकडं बघतच राहिल्या. इंधनाचा आकडा शून्याला टेकलेला. वायू तसाच राहिला; निघत होता नुसता पाण्यातला हायड्रोजन.

"मुजफ्फरचाचा, पट्ट्यांना काय केलंत?"

"घासल्या. पावनं येनार अन् तांबं तसलं?"

"अहो, तो काळा थरच वायूचं इंधन करत होता! दोन महिने लागले तो चढवायला!"

"मग आदी सांगायचं न्हाय व्हय?"

"सांगून तुम्हाला काय कळणार होतं?"

काय कळणार होतं! कल्हई लावताना भांडं किती तापलं की नवसागर टाकायचा, हे नुसत्या रंगावरून ओळखणाऱ्याला एक काळा थर कळला नसता? साहेब चहा पिऊन गेले. शनिवारी त्याला घरी बसवलं.

ईदच्या आदल्या दिवशी रुक्सारनं हंडा पुढ्यात ठेवला. "घासा की जरा. हात तरी हलतील."

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मला तांब्यातलं काय कळतंय?"

हंडा अजून काळाच आहे. तुमच्या हाताखाली असा कुणी टाक्या धूत असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि तो काय धुतोय ते त्याला नीट सांगा.