वेगळा कॅन

गावात दूध डेअरी निघाली तेव्हा माझ्याकडे दोन म्हशी होत्या. थोरली मुलगी भोकरदनला राहून शिकत होती, ती त्या म्हशींच्या जिवावर. दूध बंद झालं की तिची शाळा बंद.

पहिल्याच दिवशी चेअरमननं मला ओट्याखाली थांबवलं. महारवाड्यातलं दूध गावाच्या कॅनमध्ये पडलं तर बाकीचे दूध घालणार नाहीत, म्हणाला. माझ्यासाठी कोपऱ्यात एक जुना, पोचे पडलेला कॅन ठेवला. मीच ओतायचं, मीच झाकण लावायचं. मी मान हलवली. मुलीला शिकवायचं होतं.

एकदा तिला भेटायला मी दुधाच्याच गाडीत बसून गेले. भोकरदनच्या केंद्रावर गड्यानं सगळे कॅन एकाच हौदात उपडे केले. गावानं वर्षभर सांभाळलेलं सोवळं बुडायला मिनिटसुद्धा लागलं नाही. चेअरमनला हे ठाऊक होतंच. त्याचा धर्म वेशीपर्यंतचा, पुढं डांबरी सडक.

आमच्याकडे दूध नुसतं मापून घ्यायचे; तपासणी व्हायची ती केंद्रावर, हौदात ओतण्याआधी. उन्हाळ्यात गावाचे कॅन तिथून परत आले. दुधात पाणी. कोणाचं, ते कसं कळणार? सगळ्यांचं दूध एकत्र. माझा पोचे पडलेला कॅन तेवढा पास झाला. अब्रूदार माणसं ओट्यावर उभी राहून एकमेकांच्या म्हशी काढत होती.

दोन दिवसांनी चेअरमन आमच्या वस्तीत आला, जन्मात पहिल्यांदा. तोवर मला 'ए' म्हणायचा.

"मावशी, उद्यापासून तुमचं दूध बी मोठ्या कॅनमंदीच ओता. जमाना बदलला आता. भेदभाव बरा न्हाई."

माझं दूध एकदा मिसळलं की पाण्याचा आळ कोणावर येणार, हे कळायला चौथीच्या पुढं शिकावं लागत नाही.

मी म्हणाले, "न्हाई ओतणार. तुमच्या पाण्यानं माझं दूध बाटंल."

तो लगेच 'ए'वर आला. तुझं दूधच बंद करतो, म्हणाला. करू शकला नाही. त्या दिवसांत गावातून तेवढा एकच कॅन पास होत होता, तोही थांबला असता तर गाडी गावाकडे वळलीच नसती.

मुलगी दहावी झाली. डेअरी पुढं भांडणात मोडली. तो कॅन मी घरी उचलून आणला, कोणाला विचारलं नाही. त्याला शिवायला दुसरं कोणी येणार नव्हतंच. आता त्यात ज्वारी ठेवते.